निजलेला पैसा

ज्या बाईंनी मला मुदत ठेव म्हणजे काय हे शिकवलं, त्या कधी बँकेत नोकरीला नव्हत्या. मी होते. आमगावच्या शाखेत ठेवींचं टेबल माझ्याकडे होतं. गळ्यात ओळखपत्र होतं, डोक्यामागच्या भिंतीवर व्याजदरांचा तक्ता होता. तरीही माझ्याशी सगळं बोलून झालं की लोक बाहेर जात आणि त्यांना विचारत, "मॅडम सांगून राहिली ते बराबर हाये का जी?"

त्यांचं खरं नाव पासबुकावर होतं आणि बहुतेक तिथेच राहिलं. गावासाठी त्या सिस्टरबाई. सरकारी नर्स म्हणून आसपासच्या उपकेंद्रांत त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन आमगावात स्थिरावल्या. त्यांच्या हातून इतकी बाळंतपणं झाली होती की बाजारात त्यांना घासाघीस करावी लागत नसे. मिशा पिकलेल्या वांगेवाल्यासमोर उभ्या राहून त्या म्हणत, "तू पायाळू होता. लय तरास देला होता तुह्या मायले." तो बिचारा मुकाट्याने दोन वांगी जास्त टाकी.

मी जुन्नरकडची. पहिलीच नेमणूक. खोली शोधत त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, लग्न विचारलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही.

"कोन्या टेबलावर बसता?"

"ठेवी आणि बचत खाती."

"म्हणजे एफडी तुमच्याच हातानं निघते?"

"हो."

"मग खोली तुमची. शेजारी डॉक्टर आन् घरात बँक असली का माणूस निवांत मरते."

त्या दिवसापासून माझे दोन जन्म सुरू झाले. घरी मी "पोरी". "पोरी, दूध उतू जाऊन राहिलं," "पोरी, केस बांध." बँकेत मात्र त्या मला ओळखत नसत. सकाळी माझ्या ताटात आंबाडीची भाजी वाढलेली बाई अकरा वाजता काउंटरपलीकडे उभी राहून म्हणे, "मॅडम, जरा पाहता का जी?" एकदा रांगेतल्या कोणीतरी विचारलं, "सिस्टरबाई, या तुमच्याच घरी राहतात ना?" त्यावर सिस्टरबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "चेहरा तसाच दिसते खरा."

मीही ते शिकले. एकदा एप्रिलच्या पहिल्याच दिवशी, व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून भरायचा फॉर्म त्यांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्या दिवशी बँक लोकांसाठी बंद असते. मी फॉर्म परत सरकवला. "सिस्टर, इथे बँक नाही. उद्या काउंटरवर या." वाटलं, आता खोली गेली. पण त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी पहिल्या नंबराने पास झाले होते.

त्यांच्या ठेवींच्या पावत्या पलंगाखाली, लसी नेण्याच्या निळ्या पेटीत असत. ही पेटी त्यांनी भंगाराच्या लिलावातून रीतसर पावती फाडून विकत घेतली होती, आणि ती पावतीही पेटीतच होती. प्रत्येक ठेवीला बाळांच्या लसीकरणाचं एक जुनं, कोरं कार्ड टाचलेलं असे. जन्मतारखेच्या जागी ठेव ठेवल्याची तारीख. वजनाच्या जागी रक्कम. आणि खाली, त्यांच्या वळणदार अक्षरात, दिवस भरण्याची तारीख.

प्रत्येक ठेवीला नावही होतं. एक छताची. एक डोळ्यांची, कारण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. एक बोधगयेची. विहारातल्या बायकांबरोबर एकदा बोधगया पाहायची, ही त्यांची एकुलती एक हौस. आणि एक होती "माझी शेवटची". त्या ठेवीची मुदत सगळ्यात लांब होती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिले घाई नाई."

दर सोमवारी त्या ठेवी पाहायला येत. मी समजावलं की ठेव तिथेच असते, हलत नाही. "पेशंटही खाटेवरच असते," त्या म्हणाल्या, "म्हणून राउंड घेत नाई का?" मग मी संगणकावर खातं उघडायची.

"कशी हाये?"

"बरी आहे."

"कितवा चालू हाये?"

"सातवा महिना."

तेवढ्यात रांगेतल्या एखाद्या शेतकऱ्याने आपली ठेव मोडायचा अर्ज पुढे केलेला त्यांना दिसला की संपलं. "काऊन गा? सातव्यात काढतोस? सातव्याचं लेकरू जगते, पन अशक्त राहते. दिवस भरू दे." शेतकरी गोंधळून माझ्याकडे पाही. मग मी तेच माझ्या भाषेत सांगे, की मुदतीआधी मोडली तर ठरलेला दर मिळत नाही, जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर मिळतो आणि वर दंड कापला जातो. तो मान हलवी आणि सिस्टरबाईंना म्हणे, "तुम्ही सांगितलं ते समजलं. हे मॅडमचं काही नाई समजलं."

त्यांचं म्हणणं साधं होतं. जागा पैसा भटकते, निजला पैसा वाढते. हातातला पैसा लग्नात जातो, मंडईच्या जत्रेत जातो, नातेवाइकांच्या तोंडाकडे पाहून विरघळतो. त्याला निजवायचं, दार लावायचं, आणि उठायची वेळ दारावर लिहून ठेवायची. दर आधीच ठरलेला, कागदावर छापलेला. पुढे बाजारात काहीही होवो, आपल्या कागदावरचा आकडा बदलत नाही. शिवाय एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो म्हणून त्यांनी दोन बँकांत खाती ठेवली होती. "सगळे पेशंट एकाच वॉर्डात नाई कोंबत मी. साथ आली तं?"

पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा फोनवर वाद घाली. आई, महागाई तुझं व्याज खाऊन टाकते, थोडे पैसे दुसरीकडे लाव. सिस्टरबाई शांतपणे ऐकून घेत. "तू जवान हायेस, तू खेळ. हरला तं पुन्हा कमावशील. मी कुठून कमावू? महागाई ताटातला एक घास खाते, मले मंजूर हाये. पन ताट घेऊन पळणारा मले नाई पाहिजे."

त्यांच्या साठाव्या वाढदिवसाची गोष्ट तर अजून शाखेत सांगतात. साठ पूर्ण झाले की ज्येष्ठ नागरिक म्हणून व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं, हे कळल्यापासून त्यांना म्हातारं व्हायची कोण घाई झाली होती! एक ठेव पूर्ण झाली तेव्हा साठीला अकरा दिवस कमी होते. अकरा दिवस पैसे बचत खात्यात ठेवून त्या रोज येऊन त्यांच्यावर नजर ठेवत होत्या. त्यांची आई सांगे की त्यांचा जन्म धानाच्या रोवणीतला, म्हणजे भातलावणीच्या दिवसांतला. पण शाळेच्या मास्तरांनी सोयीची तारीख टाकली होती, महिनाभर आधीची. "त्या मास्तरानं मले महिनाभर आधी म्हातारी केली," त्या भरल्या गळ्याने म्हणाल्या, "देव त्याचं भलं करो." त्या देव मानत नव्हत्या. पण मास्तरासाठी त्या दिवशी त्यांनी तेवढी सूट दिली. बाराव्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच पांढरीशुभ्र साडी नेसून, पेढे घेऊन त्या दारात उभ्या होत्या.

मग आमगावात तो माणूस आला.

स्टेशनकडच्या रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर त्याने ऑफिस थाटलं. काचेचं दार, थंडगार हवा, फुकटात कॅलेंडर. योजना एका ओळीची होती: अठरा महिन्यांत पैसे दुप्पट. आमच्या बँकेत तेवढ्यासाठी जवळपास दहा वर्षं थांबावं लागे. आठवड्याभरात आमच्या गल्लीत दुसरा विषय उरला नाही. तरी कोणी पैसे द्यायला पटकन पुढे होईना. सगळे एकच म्हणत, "सिस्टरबाईनं हो म्हटलं का देतो."

त्यामुळे तो माणूस स्वतःच एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात आला. चकचकीत बूट, हातात फाईल. मागे अर्धी गल्ली. सगळ्यात पुढे होते समोरचे टेलरभाऊ. मूळचे गोंदियाजवळच्या कामठ्याचे, बायको आणि सुजाता नावाची मुलगी असं तिघांचं घर. सुजाता बारावी पास होऊन नर्सिंगला जायचं म्हणत होती. सिस्टरबाईंचं तिच्यावर बारीक लक्ष असे.

सिस्टरबाईंनी पाहुण्याला खुर्ची दिली, चहा दिला. मग त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हाले घाम येऊन राहिला. हात दाखवा जरा."

"अरे नहीं सिस्टर, गर्मी है," तो हसला. तोवर रक्तदाब मोजायचा पट्टा त्याच्या दंडाभोवती आवळला गेला होता.

"एकशे तीस. ठीक हाये. आता सांगा, पैसे दुप्पट कशात होतात?"

"कंपनी के बहुत प्रोजेक्ट हैं. जमीन, हॉटेल, सोना..."

"कोन्या गावची जमीन?"

"बाहर है. छत्तीसगढ़ साइड."

त्यांनी पंप दाबला. "एकशे पन्नास. लोकांकडून ठेवी घ्यायची मंजुरी कोनाची? कागद हाये?"

"सब कागज हेड ऑफिस में है."

"एकशे बासष्ट. हेड ऑफिस कुठे हाये?"

त्याने एका मोठ्या शहराचं नाव घेतलं. सगळे घड्याळासारख्या त्या तबकडीकडे मान लांब करून पाहत होते.

"आन् समजा मी मधातच मेली, तं माझे पैसे कोनाले मिळतील? नॉमिनीचा फॉर्म कुठे हाये?"

"आप क्यों मरोगे सिस्टर? अच्छा-अच्छा बोलो..."

"एकशे चौऱ्याहत्तर." त्यांनी पट्टा सोडला, गुंडाळला. "मीठ कमी खा. रोज चाला. आन् आज या गल्लीतून पैसे नाई निघत."

तो निघून गेला. लोक हसले, पांगले. सिस्टरबाई मात्र पट्टा हातात घेऊन माझ्याकडे वळल्या. "आता तू."

"मी कशाला?"

"बस."

मी बसले. सांगायला लाज वाटते, पण त्या माणसाचा भरलेला फॉर्म माझ्या पर्समध्ये दोन दिवस पडून होता. मुदत ठेवीच्या टेबलामागे बसणारी मी, दुपटीच्या आशेने सही करून बसले होते. फक्त पैसे द्यायचे राहिले होते. पंप दाबत त्या काही विचारत नव्हत्या, नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या. मीच उठले, पर्समधून फॉर्म काढला आणि चुलीत टाकला.

"आता ठीक होईल," त्या म्हणाल्या.

पण त्या दिवशी अंगणात आणखी एक जण होता, ज्याचा रक्तदाब कोणी मोजला नाही.

टेलरभाऊ दोनच दिवसांपूर्वी बँकेत येऊन गेले होते. सुजाताच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव त्यांनी मोडली होती. माझ्याच टेबलावर. "घराचं काम काढलं," असं म्हणाले, आणि जाताना हात जोडले, "सिस्टरबाईले नका सांगू मॅडम." मी समजावलं, मोडू नका म्हटलं. पण ठेव त्यांची, सही त्यांची. मी पैसे दिले. रविवारी अंगणात सगळ्यात जोरात मान डोलावत होते ते टेलरभाऊच. तेव्हा मला शंका आली आणि मी ती गिळली.

दोन महिन्यांनी एका सकाळी काचेच्या दाराला कुलूप दिसलं. कॅलेंडरं तेवढी घराघरांत राहिली. टेलरभाऊ त्या दिवशी मशीनवर बसले नाहीत. संध्याकाळी बायकोने रडत येऊन सिस्टरबाईंना सगळं सांगितलं. सुजाताला गोंदियाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फी भरायला आठ दिवस उरले होते.

सिस्टरबाई समोरच्या घरी गेल्या आणि अर्धा तास टेलरभाऊंना जे बोलल्या ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मग घरी येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुले माहीत होतं?"

"ठेव मोडली ते माहीत होतं."

"मग काऊन नाई सांगितलं?"

"खातेदाराची गोष्ट बाहेर सांगता येत नाही, सिस्टर."

त्या पलंगावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बराबर हाये. मीही कधी कोन्या पेशंटची गोष्ट बाहेर नाई काढली. कितीक बायांच्या कितीक गोष्टी पोटात हायेत माझ्या." त्यानंतर जेवायला वाढलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी टेलरभाऊंना आणि आणखी चौघांना घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार त्यांनीच सांगितली, हवालदाराने लिहून घेतली आणि त्याच्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही त्यांनी दुरुस्त केल्या. पैसे अजून आलेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी, सोमवार नसताना, त्या बँकेत आल्या. माझ्यासमोर एक कार्ड ठेवलं. बोधगयेची ठेव. दिवस भरायला चार महिने होते.

"मॅडम, ही मोडायची हाये."

मी कार्डाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. सिस्टरबाई ठेव मोडतात? एक म्हातारा तर पिशवी सावरत खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

"फी भरायची आहे?" मी हळूच विचारलं.

"पोट्टीची काय चूक? बापाच्या अकलेचा दंड तिनं काऊन भरावा? काढा."

"मोडू नका."

"मले शिकवता?"

"हो," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "या ठेवीवर कर्ज मिळतं. ठेव मोडायची नाही, आहे तिथे राहू द्यायची. कर्जाचं व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा थोडंसंच जास्त. चार महिन्यांनी ठेव पूर्ण झाली की त्यातूनच कर्ज फिटतं. मोडलीत तर तीन वर्षांचा दर जाईल, वर दंड बसेल. कर्ज घेतलंत तर चार महिन्यांचा फरक तेवढा जाईल."

त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. मग पुन्हा केला. मग माझ्याच टेबलावरचा कागद ओढून लिहून केला. चेहऱ्यावर असं काही पसरलं, की जणू आयुष्यभर सुईणपण केलेल्या बाईला कोणी बाळंतपणाची नवीच रीत दाखवावी.

"लेकराले न उठवता त्याच्या उशीखालून पैसे काढता येतात?"

"येतात."

"हे असं असते, हे दोन वर्षं माझ्या घरी भाजी खाऊन काऊन नाई सांगितलं?"

घरचं बोलणं बँकेत! रांग हसायला लागली. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम."

"मॅडम" ऐकून त्या क्षणभर थबकल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना तशा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

फी कॉलेजात त्यांनी स्वतः जाऊन भरली. टेलरभाऊ पायांवर वाकायला आले तर त्यांना आधी बँकेत आणलं आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम कापून घेणारं आवर्ती ठेवीचं खातं काढायला लावलं. पहिल्या सहा महिन्यांत हप्त्याच्या दिवशी त्या समोरच्या ओट्यावर जाऊन बसत. काही बोलत नसत. टेलरभाऊ शिलाई टाकून बँकेत पळत. त्या पूर्ण झालेल्या खात्याचे पैसे टेलरभाऊंनी सिस्टरबाईंच्या हाती दिले. त्यातून बोधगया झाली, ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "झाडाखाली खूप वेळ बसली. काहीच आठवलं नाई, व्याजही नाई." थोडं थांबून म्हणाल्या, "बरं वाटलं."

पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली. सुजाता नर्स झाली आणि गोंदियातल्या एका दवाखान्यात लागली. तिचा पहिला पगार झाला त्या रविवारी सिस्टरबाईंचा फोन आला, "तोंड गोड करायले ये." हुकूमच तो. मी सकाळच्या गाडीने गेले.

अंगणात टेलरभाऊ, त्यांची बायको, पाच-सहा शेजारी. सुजाता पेढे वाटत होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सिस्टरबाईंना सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसू लागलं होतं. त्यांनी सुजाताला समोर बसवलं आणि विचारलं, "पगाराचं काय करशील?"

टेलरभाऊ मुलीकडे पाहून ओठांनीच एफ-डी, एफ-डी असं म्हणत होते. मीही तिला डोळ्यांनी खुणावलं.

सुजाता खाली मान घालून म्हणाली, "मले विमानात बसायचं हाये."

टेलरभाऊंनी कपाळावर हात मारला. कामठ्याच्या बाजूलाच गोंदियाचा विमानतळ. लहानपणी तिथे आजोबांच्या धानाच्या बांधावर उभी राहून ती विमानं मोजायची, हे तिच्या आईने सांगायचा प्रयत्न केला, पण कोणी ऐकत नव्हतं. सगळे सिस्टरबाईंकडे पाहत होते.

"कुठे जाशील?"

"हैदराबादले. उतरीन आन् रेल्वेनं वापस येईन. फक्त बसायचं हाये."

"काम काही नाई तिथं?"

"नाई."

सिस्टरबाईंनी हातातला पेढा खाली ठेवला. मग पदराच्या गाठीतून एक दुमडलेली नोट काढली, मग आणखी एक, मग गाठ पूर्णच मोकळी केली आणि सगळं तिच्या मांडीवर ठेवलं.

"दोन तिकिटं काढजो," त्या म्हणाल्या. "आन् खिडकी मले पाहिजे."